नऊ नंबरची गोळी

२ फेब्रुवारी १९७७

देवमन, जयभीम.

तार तुले उशिरा भेटली हे समजलं. म्या तं त्याच दिवशी केली होती, मंगरुळपीरच्या पोस्टातल्या बाबूले इचारून पाय. तू मद्रासच्या पुढून निघून इथं येईपर्यंत तीन दिवस गेले असते, तेवढं थांबता येत नव्हतं. दादाले एकोनीस तारखेले सकाळी अग्नी देल्ला. त्याले पोरगं नाही, म्हनून म्या देल्ला.

कसं झालं ते लिहितो. दादा अठराले शेलूबाजारले गेला होता, बैलाची वेसन घ्याले. जीपमधून उतरला, चार पावलं चालला अन् मोच्याच्या दुकानापाशी बसला. पानी मांगलं. मोची उठून पानी आनेपर्यंत सारं संपलं होतं. सकाळी चहा घेतला होता, अर्धी भाकर खाल्ली होती. बाकी पोटात काई नव्हतं. तुह्या गोळ्या टायमावर चालू होत्या, ते वयनी पाहात होती.

तू म्हनशीन, आदल्या दिवशी डॉक्टरले काहून नाही दाखवलं. आमचे डॉक्टर साहेब पंधरा दिवसाच्या रजेवर होते. दवाखान्यात मी एकटाच. आता एक कंपाउंडर, पुड्या बांधनारा मानूस, काय करनार. हे तुहेच शब्द हायेत, मी काई भुललो नाही.

तिघं भाऊ होतो, आता दोघं राह्यलो. बाबा गेले तवा तू पाळन्यात होता अन् मी अकरा वर्षाचा. दादानं नांगर धरला अन् आपल्याले वाढवलं. मले सातवीपर्यंत शिकवलं, तुले तं पार तिकडं पोचवलं. अन् तू त्याचं फेडलं बी. तुह्या दवाखान्यातल्या सर्जन साहेबाकडून त्याची छाती उघडून काळजाले नवी नस बसवून देल्ली. आठ महिने तो वावरात हिंडला, दम लागला नाही, गावातले लोकं येऊन त्याच्या छातीवरचा वन पाहून जात. ते आठ महिने वरकड भेटले असंच समजावं.

भागिरथा वयनी बरी हाय. रडत नाही, काम करते. माही बायको लिला तिच्याजवळ झोपाले जाते.

कोनाचा दोष नाही, एवढं ध्यानात ठेव.

पुंजाजी


२० मार्च १९७७

देवमन,

तुहं पत्र भेटलं. अकरा प्रश्न, नंबर टाकून. ठानेदार बी जबाब घेतांनी चहा इचारते, तू ते बी नाही इचारलं.

एक ते सहाचं उत्तर: घाम आला होता. डावा हात धरला होता, मोची सांगते. ओकारी नाही. तंबाखू ऑपरेशनपासून बंद. चढाव चढला नाही. रागावला नव्हता, तो कधी रागावते काय.

सातवा प्रश्न, तुह्या गोळ्या सोडून आनखी काई घेतलं का. नाही.

बाकीचे प्रश्न त्याच त्या गोष्टीचे हायेत. तुले काय पायजे ते मले समजते. तू लिहितो, पायातली शीर काढून लावली असती तं दादा आज असता. सर्जन साहेब सगळ्याले पायाचीच लावत होते, तूच हट्ट धरला का माह्या भावाले छातीतली लावा. आता तुले वाटते ते छातीची नस आपल्या मनानं आकसली अन् रक्त बंद झालं.

हे मले काई नवं नाही. दोन महिने मी तिथं दादाच्या उशापाशी होतो, तवा एक डाव तू मले तुह्या खोलीत नेलं होतं. कोन्या तरी मानसाच्या ऑपरेशनमधून उरलेला नसेचा तुकडा तू दाखवला. ज्वारीच्या दान्याएवढं कडं. दोन बारीक हुकांत अडकवून कोमट खाऱ्या पान्यात टांगलेलं, खालून बुडबुडे. वरच्या हुकाले काडी, काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदाले टेकलेलं, कागद हळूहळू फिरते. तू औषधाचा थेंब टाकला अन् काडी वर गेली. मानूस तिकडं वार्डात जेवन करत होता अन् इथं त्याची नस मूठ आवळून राह्यली होती. मंग तू पानी बदललं, काडी खाली आली. तू म्हनला, पुंजाभाऊ, पायाची शीर निस्ती नळी हाय, हे नस जिती हाय, तिले समजते अंगात काय आलं ते, म्हनून ते लय वर्षं टिकते. त्या दिवशी मले तुहा अभिमान वाटला होता. तुले सांगितलं नाही.

सांगनार होतो, पन दुसऱ्याच दिवशी दादाले ढेकर येत नव्हती म्हनून म्या घरून नेलेली सोड्याची पुडी त्याले देल्ली. तू आला अन् चार नर्सा, दोन डॉक्टर उभे असतांनी माह्या हातातून पेला घेतला. म्हनला, 'पुंजाभाऊ, तू पुड्या बांधनारा मानूस, तुले मालूम तरी हाय का तू काय देते ते? दादाले याच्यापुढं तुह्या हातचं काई द्याचं नाही.' दादा पलंगावर पडून ऐकत होता. तो काई बोलला नाही. मी बी नाही. त्यानंतर तू अन् मी बोललोच नाही, स्टेशनावर बी नाही. आता दादा गेला तवा पत्रापत्री चालू झाली.

नस आपल्या मनानं आकसली असन असं मले नाही वाटत. वेळ आली का मानूस जाते. कागदावर लिहून ठेव अन् सोड तो इचार.

एक लिहाचं राह्यलं. शेवटले दोन दिवस त्याचं डोकं धरलं होतं. अर्धशिशी. ते त्याले लहानपनापासूनची, तुले मालूमच हाय. वयनीनं सुंठ उगाळून लावली. एवढंच.

पुंजाजी


९ जुलै १९७७

देवमन,

तू असं काहून करतं? वयनीच्या नावानं वेगळं पत्र टाकलं. तिले वाचता येत नाही, अन् तिचं पत्र मलेच वाचा लागते, हे तुले मालूम नाही काय?

ती हात पुसून आली, भिंतीले टेकून बसली, म्हने, वाचा भाऊजी. तुहं पहिलंच वाक्य, 'वहिनी, दादाला मी मारलं.' म्या वाचलं, 'वहिनी, इकडं पाऊस लय हाय.' दुसरं वाक्य, 'माझ्या शास्त्राच्या घमेंडीपायी मारलं.' म्या वाचलं, 'खोली गळते, म्हनून सामान हलवलं.' असं दोन्ही बाजूनं भरलेलं पत्र म्या पावसात घातलं. ती ऐकत राह्यली. शेवटी म्हने, 'एवढं लांबलचक लिहिलं अन् निस्ता पाऊस?' म्या म्हनलं, 'तिकडं समुद्र हाय, वयनी, तिकडं असाच राह्यते.'

लिहाचं तं मले लिव्ह. तिले असं लिहू नोको.

तू नाही मारलं. हे मी तुले सांगतो. कशाच्या भरवशावर सांगतो ते इचारू नोको, पन सांगतो. पायाची शीर अन् छातीची नस, ते तुहं तू पाय, पन अपराध तुहा नाही. अन् सर्जन साहेबाले तू रिपोर्ट लिहून देनार हाय का छातीच्या नसेवर भरवसा ठेवता येत नाही, ते लिहू नोको. घाई करू नोको. घाई करून कोनाचं भलं झालं?

इथलं बरं हाय. नवे डॉक्टर आले, जवान हायेत. त्याईले आपला कारभार पसंत नाही. आपल्या दवाखान्यात सव्वीस वर्षं झाली, डॉक्टर चिठ्ठीवर नंबर टाकते अन् मी त्या नंबरच्या डब्यातून गोळी देतो. चार नंबर जुलाबाची, सहा नंबर तापाची, बारा नंबर जंताची. जुन्या साहेबाची रीत ते. डब्यावर निस्ते नंबर रंगवलेले, औषधाची नावं रजिस्टरात, रजिस्टर कपाटात. खेड्यातल्या मानसाले बी नंबर पाठ असते, येऊन म्हनते, पुंजाजी, सहा नंबर द्या. नवे साहेब म्हनते, हे काय धंदे हायेत, सगळ्या डब्यावर नावं लिहा. म्या बसून नावं लिहिली. एक डबा सोडून. तो रिकामाच हाय, म्हनलं.

लिलाचे गुडघे दुखते. बाकी ठीक.

पुंजाजी


२२ नोव्हेंबर १९७७

देवमन,

विजयमालेचं पत्र आलं. तू नाही, तुही बायको लिहिते आता.

ती लिहिते, तू रिपोर्ट देऊन टाकला. दादापासून चालू केलेलं छातीची नस लावनं सर्जन साहेबानं बंद केलं, पुन्हा सगळ्याले पायाचीच लावते. तू खोलीत जानं सोडलं. सकाळी कपडे घालून खुर्चीवर बसते अन् दुपारपर्यंत तसाच बसून राह्यते. जेवाले वाढलं तं ताटाकडं पाहते. ती लिहिते, 'भाऊजी, मी तुमच्या घरात आले ती तुम्हा कुणाला न विचारता, तेव्हा तुमच्याकडं काही मागायचा मला अधिकार नाही. पण हे रोज एकच म्हणतात, नस आपोआप आकसत नाही, काहीतरी लागतं, आणि काही लागलं नसेल तर मी ज्या नसेची शिफारस केली तीच वाईट. दादांना शेवटच्या दिवसांत कुणी काही दिलं होतं का? एक शब्द कळला तरी हे उभे राहतील.'

अक्षर चांगलं हाय तिचं. तू जातीबाहेरची केली म्हनून म्या लग्नाले आलो नाही, दादा एकटा आला होता. चूक झाली.

तिले काय लिहू ते समजेना, म्हनून तुलेच लिहितो. दादानं डोक्यासाठी एक गोळी घेतली होती. मले नंतर समजलं. शेलूबाजारातून कोन्या दुकानातून आनली असन. कोनती ते मालूम नाही. आता एक गोळी काय करते? पन तुले लिहाची म्हनून लिहितो.

जेवत जाय. असा बसून राह्यला तं काय दादा परत येनार हाय? तुले शिकवाले त्यानं काय काय केलं ते मले मालूम हाय, म्या डोळ्यानं पायलं. त्यानं ते तुले खुर्चीवर बसाले नव्हतं शिकवलं.

हे पत्र फाडून टाकनार होतो. टाकतो पोस्टात.

पुंजाजी


१५ जानेवारी १९७८

देवमन,

मांगचं पत्र खोटं होतं. त्याच्या आधीची बी.

गोळी शेलूबाजारातून नाही आनली. म्या देल्ली. एक नाही, आठ. आता सगळं लिहितो, मधात थांबलो तं पुन्हा लिहिनं होनार नाही.

मांगच्या वर्षी सोळा जानेवारी, दुपारचे तीन. दवाखान्यात कोनी नव्हतं. दादा आला उजवा डोळा झाकून. म्हने, 'पुंजा, डोकं फुटून राह्यलं, काई असन तं दे.' म्या नऊ नंबरचा डबा काढला. नऊ नंबर अर्धशिशीची, सव्वीस वर्षं ते देत आलो, कितीक बायांचं डोकं उतरवलं. गोळ्या कागदात बांधतच होतो तं त्यानं खिशातून तुहा कागद काढला, चार घड्यांचा. म्हने, 'देवमननं लिहून देल्लं हाय काय काय घ्याचं नाही ते. याच्यात हाय का पाय बरं.'

सहा नावं होती. इंग्रजीत, बाजूले मराठीत. तिसरं होतं, अरगट असलेली कोनतीही गोळी. म्या ते वाचलं. अन् त्याले म्हनलं, 'याच्यात नऊ नंबर कुठं हाय?'

हे असं म्हनलो मी, देवमन. जसं काई तू तिथं बसून आमच्या दवाखान्याचे नंबर लिहून देनार होता.

मले खरंच मालूम नव्हतं नऊ नंबरमधे काय हाय. तुले खोटं वाटन. पन सव्वीस वर्षांत मले कोनी इचारलं नाही अन् म्या कोनाले इचारलं नाही. नंबर आला, गोळी देल्ली. रजिस्टर माह्या पाठीमांगच्या कपाटात होतं, तीन पावलावर. चावी माह्याच कमरेले. उघडून पाहाले एक मिनिट बी लागत नव्हतं. पन दादाच्या समोर उघडलं असतं तं कबूल झालं असतं का मले मालूम नाही मी काय देतो ते. म्हंजे तू वार्डात बोलला ते खरं. म्हनून नाही उघडलं. दुसरं कारन नाही. वर्षभर मी दुसरं कारन शोधून राह्यलो, भेटलं नाही.

पहिल्या दिवशी दोन. डोकं उतरलं त्याचं. मी मनात म्हनलो, घे देवमन, पाय पुड्या बांधनाऱ्याची गोळी. सतराले पुन्हा चढलं, तवा चार देल्ल्या, सकाळी दोन अन् संध्याकाळी दोन. संध्याकाळी तो म्हने, छातीत जड वाटते. म्या म्हनलं, गॅस हाय, ओवा खाय. अठराले सकाळी जीपच्या आधी तो दवाखान्यावरून गेला, तवा दोन त्याच्या हातावर ठेवल्या अन् पानी बी मीच देल्लं.

अग्नी देल्ल्याच्या तिसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं. जुन्या साहेबाचं अक्षर. नऊ नंबर, अरगटाचं सत्त्व, तुह्या कागदावरचं तिसरं नाव. म्या ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मंग डब्यातल्या गोळ्या घरी आनून कोठीत दडवल्या अन् रिकामा डबा जागेवर ठेवला. म्हनून म्या तुले लिहिलं होतं का कोनाचा दोष नाही.

तू त्या अकरा प्रश्नात इचारत होता तवाच मले समजलं होतं तू स्वतःले धरून बसला हाय. मले वाटलं, दोन-चार महिन्यात सोडशीन. तू शिकलेला, तुहं नाव हाय, तुले त्याचं काई होनार नाही, मले होईन. माही नौकरी जाईन, गाव थुंकन, वयनी तोंड पाहनार नाही. असा हिशेब लावला म्या. तू जेवन सोडलं तरी लावून राह्यलो. तुहा रिपोर्ट गेला, तिकडं लोकाईले तुही नस लागत नाही आता, ते बी माह्याच गोळीपायी. असे किती लोकं असतीन ते मले मालूम नाही.

या पत्रासोबत डबी पाठवतो. तिच्यात सहा गोळ्या हायेत, त्याच डब्यातल्या. तू आपल्या खोलीत जाय. कोनाच्या तरी नसेचा तुकडा असनच. हुकाले लाव, पान्यात टाक, गोळी घोटून टाक, अन् पाय काडी काय करते ते. वर गेली तं म्या मारलं. नाही गेली तं तुहं खरं. काय होईन ते मले मालूम हाय अन् तुले बी. तरी जाय. तू त्या खोलीत गेला पायजे म्हनूनच गोळ्या पाठवून राह्यलो, नाही तं निस्तं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

नव्या साहेबाले काल सांगितलं. त्याईनं रजिस्टर उघडून नऊ नंबर पायला. मंग म्हनले, लेखी द्या. म्या लेखी देल्लं. आजपासून घरी हाय. वयनीले अजून सांगितलं नाही. लिला म्हनते, तिले सांगू नोका, ते जगली कशी हाय तेच तिचं तिले मालूम.

माफी मांगत नाही. मांगाचं तोंड नाही.

पुंजाजी


२ एप्रिल १९७८

देवमन,

तुहं पाकीट भेटलं. उघडून झटकून पायलं, चिठ्ठी नव्हती. निस्ता काळा कागद अन् त्याच्यावर पांढरी रेघ.

म्या तुह्या खोलीत ते एकदा पायलं होतं म्हनून मले वाचता आलं. खाली तू बारीक बान काढले हायेत. पहिल्या बानापाशी लिहिलं, पुंजाभाऊची गोळी. तिथून रेघ हळूहळू चढाले लागली अन् चढतच गेली. मंग पान्याचे बान. त्या दिवशीच्या औषधाची काडी तं पानी बदललं का खाली येत होती. इथं अकरा बान मोजले म्या. अकरा वेळा तू पानी बदललं, अन् रेघ तशीच वर, सरळ, कागद सरेपर्यंत.

म्हंजे तू दिवसभर तिथं उभा होता. विजयमालेनं लिहिलं का दुसऱ्या दिवशी बी तू गेला, अन् सर्जन साहेबाले भेटून रिपोर्ट परत मांगितला. ते आता इचार करून राह्यले. तू मले एक अक्षर लिहिलं नाही ते ठीकच हाय. मी तुह्या जागी असतो तं कागद बी नसता पाठवला.

तो कागद घेऊन मी वयनीकडं गेलो. लिला आडवी आली, पन गेलो. वयनी तुरी पाखडत होती. म्या तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नऊ नंबर, तुहा कागद, कपाट, आठ गोळ्या. तुहं पत्र बी सांगितलं, पावसाच्या जागी काय होतं ते. तिचं सूप थांबलं नाही. माहं झालं तवा म्हने, 'मले मालूम होतं.'

म्या म्हनलं, काय मालूम होतं?

ती म्हने, 'पहिल्या दिवशी गोळ्या घेऊन घरी आले तवाच त्याईनं मले सांगितलं. म्हने, पुंजाले मालूम नाही याच्यात काय हाय ते. म्या कागद दाखवला तं त्यानं कपाटाकडं पायलं अन् नजर फिरवली. मी म्हनली, मंग नोका खाऊ, देवमनले पत्र टाका. नाही तं चुलीत टाका अन् पुंजाभाऊले सांगा, खाल्ल्या म्हनून. त्याले काय समजते.'

मंग तिनं सुपातला खडा येचून टाकला. म्हने, 'ते म्हनले, भागिरथा, त्या दवाखान्यात धाकट्यानं मोठ्याले सगळ्याच्या समोर हलकं केलं, अन् मी पडल्या पडल्या ऐकत राह्यलो. मी एक शब्द बोललो असतो तं दोघं बी ऐकते. बोललो नाही. तवापासून पुंजा खाली मान घालून हिंडते. आता त्यानं आपल्या हातानं गोळी देल्ली, ते मी चुलीत टाकू काय? दोन गोळ्यानं काय मरते मानूस.'

म्या इचारलं, 'वयनी, वर्षभर काहून नाही बोलल्या?' ती म्हने, 'तुमी पाऊस वाचून राह्यले होते, भाऊजी. मले वाटलं, वाचू द्या. एक गेला, दोघं राह्यले, त्या दोघाईत आनखी काय मोडू मी?' मंग सूप खाली ठेवलं अन् रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिथं बसलेलो होतो, मले उठून जाता बी आलं नाही.

निघतांनी ती म्हने, हे देवमनले लिहू नोका, तो कसातरी उभा झाला हाय. मी रोज सकाळी तेच ठरवलं, नाही लिहाचं. आज लिहून राह्यलो, कारन लपवून काय होते ते वर्षभर पायलं. तुह्या बोलन्यानं दादा गेला असं मी म्हनत नाही. गोळी म्या देल्ली. तू बरोबर बोलला होता, फक्त सगळ्याच्या समोर बोलला. तुही नस बी बरोबर होती. पन दादा फसला नव्हता एवढं तुले मालूम असलं पायजे. आपन समजत होतो त्याले काई समजत नाही, नांगर धरनारा मानूस. त्याले तुहं बी समजलं होतं अन् माहं बी.

अठराच्या सकाळचं एक मी लिहिलं नव्हतं, कारन मले त्याचा अर्थ लागत नव्हता. दोन्ही गोळ्या तोंडात टाकून पानी प्यायल्यावर तो लगेच गेला नाही. पेला हातात धरून माह्या तोंडाकडं पाहात उभा राह्यला. मी लय खुश होतो त्या दिवशी, वार्डातल्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच, अन् ते माह्या तोंडावर दिसत असन. ते पाहून तो बी हसला, पेला माह्या हातात देल्ला अन् जीपकडं गेला.

पुंजाजी